उन्हाचा नेम

जिजी पडली तेव्हा ओरडली नाही. ओरडली असती तर वैजयंतीला एवढा धक्का बसला नसता. ओट्यावर बसून ती गवार निवडत होती. समोर अंगणात जिजी, तिची सासू, बाजेवरून उठली, दोन्ही हातांनी लुगडं आवळून संडासाकडे झपाझप निघाली आणि पायरीपाशी पाय मुरगळून आडवी झाली. हाड मोडल्याचा आवाज ओट्यापर्यंत आला. सूप टाकून वैजयंती उठते तोवर सासू कोपरांवर सरपटायला लागली होती. दाराकडे नाही, माणसांकडे नाही. नळाखाली भरलेली बादली होती, तिच्याकडे. हात पोचला तशी तिनं ती बादली स्वतःच्या अंगावर ओढून घेतली, कमरेपासून पायापर्यंत चिंब झाली, आणि मग कुठं तोंड उघडलं.

"वाटेत पाणी कोणी सांडलं इथं?" ती म्हणाली. "घसरली ना मी."

वैजयंती अर्ध्या अंगणात उभी राहिली. वैशाखाचं ऊन, अंगण तव्यासारखं कोरडं. सासू पडण्याआधी बादली उलटली नव्हती, पडल्यावर उलटली होती आणि ती उलटणारा हात तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. दीड वर्षात सासू पडण्याची ही चौथी वेळ. प्रत्येक वेळी ती ओलीचिंब सापडायची आणि शेजारी बादली लवंडलेली असायची. पहिल्या वेळी मनगट गेलं तेव्हा वैजयंतीनं घरातल्या यच्चयावत माणसांना बादल्यांवरून फैलावर घेतलं होतं. दुसऱ्या वेळेनंतर अंगणातली फरशी टाकी लावून खरखरीत करून घेतली. तिसऱ्या वेळेनंतर नळच हलवला. आता खुबा मोडलेली बाई त्या हलवलेल्या नळापर्यंत सरपटत गेली होती.

केळीच्या वावरातून वैजयंतीचा नवरा दिगंबर धावत आला, शेजाऱ्यांची जीप निघाली आणि मागच्या सीटवर सासूचं डोकं मांडीवर घेऊन वैजयंती बुऱ्हाणपूरच्या रस्त्याला लागली. दुखण्यानं जिजीचे ओठ पांढरे पडले होते. दिगंबरनं पाण्याची बाटली पुढं केली, तेव्हा तिनं बोटानं आभाळातला सूर्य दाखवला आणि तोंड मिटलं. जीप चालवणाऱ्या उखर्डूनं स्टिअरिंगवरचा एक हात काढून कपाळाला लावला.

आता हा नेम काय होता ते सांगायला हवं, कारण फोपनारात तो सगळ्यांना पाठ असला तरी गावाबाहेर कुणाला ठाऊक असणार? चार वर्षांपूर्वी आषाढात, तापीच्या जन्मदिवसाला, घाटावर बायकांची गर्दी असताना यमुनाबाईंनी, म्हणजे गावाच्या जिजीनं, ओंजळीत पाणी धरून सांगितलं होतं की तापी ही सूर्याची लेक. बाप आभाळात असेतो लेकीचं पाणी मी तोंडात घेणार नाही. पाणी नाही म्हणजे चहाही नाही, ताक नाही, उसाचा रस नाही. दिवस मावळला की एक फुलपात्र, झोपताना अर्धं. सावलीतही जीव नकोसा होतो अशा मुलखात पासष्टी ओलांडलेल्या बाईनं असा नेम धरावा! गावानं तोंडात बोटं घातली. वर्ष उलटायच्या आत आशाबाईनं तोच नेम मागून घेतला, मग आणखी दोघींनी, आणि असं करत बारा जणी झाल्या, तेरावी जिजी. रोज दिवस मावळताना त्या जिजीच्या ओट्यावर जमत, आणि तांब्याच्या लोटीतून जिजी प्रत्येकीच्या ओंजळीत पहिला घोट घाली.

वैजयंतीला त्या ओट्याचा भारी अभिमान. धूलकोटला माहेरी गेली की ती हटकून सांगायची, आमच्या आत्याबाईंना तहानच लागत नाही. सासू नातवंडांना मांडीवर घेत नाही, लग्नात पंगतीला बसत नाही, एसटीनं कुठं जात नाही, तर हे सगळं ती सोवळ्यात घालून मोकळी व्हायची. आणि सासू पडायला लागली तेव्हा गाव म्हणालं, तापीमाय परीक्षा घेऊ राहिली. प्रत्येक प्लॅस्टरबरोबर जिजीचा मान वाढतच गेला, आणि वैजयंतीनंही त्याला हातभार लावला हे काही खोटं नाही.

दवाखान्यात फोटो निघाला. उजवा खुबा मोडला होता, ऑपरेशन ठरलं. नर्सनं हिरवा झगा आणून दिला आणि कपडे बदला म्हणाली. त्यावर जिजीनं असा काही गहजब केला की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. मी सोवळ्यात आहे, मला शिवू नका, झगा लुगड्यावरूनच घाला. नर्सचं मनगट तिनं असं धरलं की बोटं उमटली. शेवटी वैजयंतीनं दिगंबरला बाहेर काढलं, पडदा ओढला आणि मी करते म्हणाली.

ओल्या लुगड्याच्या आत कापडाच्या चार घड्या होत्या. घड्या जांभळ्या होत्या. गोधडीसाठी काढून ठेवलेली आपली जांभळी साडी गेली कुठं म्हणून वैजयंतीनं मागच्या दिवाळीला सगळं घर पालथं घातलं होतं. त्या घड्यांच्या बाहेरून निळं प्लास्टिक होतं. केळीच्या घडाला ऊन लागू नये म्हणून वर चढवतात ती पिशवी, त्यांच्याच वावरातली, कात्रीनं कापून दोन्ही बाजूंना नाडी लावलेली. आणि ते सगळं सोडवल्यावर जी कातडी दिसली ती बघून वैजयंती खाटेची कड धरून खाली बसली. लाल, सोललेली, जागोजागी पांढरी पडलेली कातडी. दोन पोरांचं सगळं केलेली बाई ती, किळस तिला माहीत नव्हती. पण चार वर्षं एका छपराखाली, एका चुलीवर, आणि आपल्याला पत्ता नाही? नर्सनं मात्र निमूट कापूस घेतला आणि पुसायला लागली. तिला नवल वाटलं नाही, आठवड्याला दोनतीन अशा येतात म्हणाली. हे ऐकून वैजयंतीच्या पायाखालची जमीन आणखी थोडी सरकली.

"दिगंबरले का कोणालेबी सांगशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील," नर्स गेल्यावर जिजी म्हणाली.

"आत्याबाई, मतलब तो नेम…"

"नेम कशाचा." जिजी छताकडे बघत होती. "पाणी प्यायलं का लघवी धरवत नई. नई प्यायलं त लोक विचारते, चहा कायले नको, सरबत कायले नको. देवाचं नाव घेतलं का कोणी विचारत नई."

मग तुटक तुटक तिनं सांगितलं ते असं. त्रास जुनाच होता, वय झालं तसा वाढत गेला. खोकलं की गेलं, शिंकलं की गेलं, आणि पुढं पुढं तर संडास दिसला तरी तिथं पोचेपर्यंत दम निघायचा नाही. जसोंडीच्या एका लग्नाहून परतताना एसटीची सीट ओली झाली. मागच्या बाकावरच्या पोरी हसल्या, कुण्या लेकराचं काम म्हणाल्या, आणि जिजीही त्यांच्याबरोबर हसली. त्या दिवशी तिनं पाणी सोडलं. घाटावरचा नेम त्यानंतर महिन्यानं आला.

डॉक्टर मृणाल तिशीची होती, बोलायला मऊ. पडण्याआधी आजी घाईत होत्या का, हा तिचा पहिलाच प्रश्न. जिजी म्हणाली, चक्कर आली. डॉक्टरनं वैजयंतीकडे बघितलं, आणि वैजयंतीनं सासूचं तोंड बघून मान खाली घातली. पण डॉक्टर व्हरांड्यात गेली तशी तिच्या मागोमाग ती गेली आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरला सांगितलं तर ते सांगितलं धरत नाहीत, अशी तिनं मनाची समजूत घातली.

डॉक्टरनं समजावलं ते वैजयंतीला पुढं जन्मभर पुरलं असतं. पाणी तोडल्यानं लघवी थांबत नाही. उलट ती दाट होते, आतून जाळते, आणि घाई दुप्पट होते. म्हातारी बाई त्या घाईत पळते आणि पडते. तपासणीत जंतू निघाले होते, मूत्रपिंडं थकली होती, अंगातलं मीठपाण्याचं गणित बिघडलं होतं. ते दोन दिवसांत सावरलं तरच भूल देता येणार होती. आणि वाईट याचं की मूळ दुखण्यावर इलाज होता. गोळ्या होत्या, व्यायाम होते, साधी रबराची रिंग होती. चार वर्षांपूर्वी आल्या असत्या तर चारही वेळचं पडणं टळलं असतं, असं डॉक्टर म्हणाली नाही, पण वैजयंतीला ते ऐकू आलं.

"तुमच्याकडं आणखी कुणी असं पाणी तोडलंय का?"

"बारा जणी," वैजयंती म्हणाली.

डॉक्टरनं लिहायचं थांबवलं. "या उन्हात? त्यांना पाणी पाजा, ताई. आज. उद्या नको."

वैजयंती परत खाटेपाशी आली आणि सासूच्या हातापाया पडली. नेम उतरवा म्हणाली. निरोप द्या, तापीमायनं स्वप्नात येऊन सोडवलं म्हणा, काहीही म्हणा. मागच्या आठवड्यात आशाबाई केळीच्या ओळीत भोवळ येऊन पडली होती, त्याची तिनं आठवण दिली. जिजीचं म्हणणं एवढंच होतं की त्या बारा जणी खऱ्या आहेत, खोटी मी एकटी. त्यांच्या भक्तीला तापीमाय सांभाळून घेईल. माझा नेम आज सुटला तर चारचौघी विचारतील का सुटला, आणि त्या प्रश्नातून सगळं बाहेर येईल.

"ते बाहेर आलं ना वैजू," ती म्हणाली, "तर हा पाय नीट करू नका माझा. चालत त्या गावात कायले जाऊ मी?"

हे ती रागानं बोलली नाही, म्हणून वैजयंती घाबरली. सासूच्या मनात काय आहे ते तिला कळलं. मलमपट्टी काढून फेकेल, अन्न सोडेल, काहीही करील ही बाई. एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला त्या बारा. दिगंबरला खाटेपाशी बसवून ती चारच्या सुमाराला गावाकडे निघाली, तेव्हा काय बोलायचं ते तिचं ठरलं होतं. खोटं बोलायचं. जिजीनं नेम सोडवला, असं सांगायचं.

गावात येऊन बघते तर बारा जणी आशाबाईच्या घरात अगोदरच गोळा झालेल्या. आशाबाई म्हणजे जिजीची भिंतीला भिंत लागून शेजारीण. दोघी एकाच उन्हाळ्यात नवऱ्या होऊन गावात आल्या होत्या. भिंतीला टेकून बसलेल्या त्या बायकांचे ओठ वैजयंतीनं त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितले. फुटलेले, पांढऱ्या कडांचे. कशीबशी तिनं आपली थाप मारली. आशाबाईनं ती ऐकून घेतली आणि मान हलवली. जिजी असा निरोप देणारच नाही म्हणाली. आणि त्यांचं तर दुपारीच ठरलं होतं. जिजी चालती होईपर्यंत संध्याकाळचा घोटही घ्यायचा नाही. नऊ दिवस लागोत नाही तर बारा.

वैजयंतीच्या कानात डॉक्टरचा शब्द वाजत होता. आज. तिनं एकेकीच्या तोंडाकडे बघितलं, मग सासूचं तोंड आठवलं, आणि शपथ मोडली.

"जिजीले लघवी धरवत नई," ती म्हणाली. "म्हणून तिनं पाणी सोडलं. नेम नव्हताच तो. प्लास्टिक बांधून बसे ती तुमच्यात."

आशाबाई उठली, दाराशी गेली आणि आतून कडी घातली. आता ही आपल्या झिंज्या धरणार, या धास्तीनं वैजयंतीनं पदर डोक्यावरून गच्च ओढला. आशाबाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तिलेबी?" आशाबाईनं विचारलं.

वैजयंतीला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कोपऱ्यातून कुणीतरी हुंदका दिला, आणि त्याच्यामागून बांध फुटला. एक म्हणाली, दोन वर्षं झाली, खोकला आला की संपलं. दुसरीनं घड्यांत भरायच्या कापसासाठी घरातल्या उश्या एकेक करून उसवल्या होत्या आणि घरात उंदरांचं नाव सांगितलं होतं. तिसरी भजनाला नेहमी दाराशीच का बसते ते आज कळलं. चौथी गेल्या पावसाळ्यात न्हाणीत पडली, लेकाला सांगितलं शेवाळ होतं. एक तर नुसतीच रडत होती आणि बोटानं स्वतःकडे दाखवत होती. वैजयंती मोजत गेली. आठ, नऊ, दहा. अकरा. बारातली एकटी भारती तेवढी खऱ्या नेमाची निघाली, आणि ती बिचारी सगळ्यांकडे आ वासून बघत बसली.

अकरा जणी! ज्या ओट्याचा वैजयंतीनं चार वर्षं तोरा मिरवला, त्या ओट्यावर रोज संध्याकाळी एक भारती सोडली तर बारा बायका एकमेकींपासून एकच गोष्ट लपवून बसत होत्या. आणि सगळ्यात जास्त त्या भीत होत्या जिजीला. आशाबाई म्हणाली, तिच्या हातचा घोट घेताना रोज वाटे, आपण इतक्या पवित्र बाईला फसवू राहिलो, याचं पाप कुठं फेडू. आपलं हे दुखणं आडोशाला ठेवायला जिजीचा नेम तिला आयता मिळाला होता. तसा तो सगळ्यांनाच मिळाला होता.

ऊन अजून ओसरीवर होतं. पाणी भरलं ते भारतीनं. माठातून तांब्या, तांब्यातून फुलपात्रं, ती एकेकीपुढं ठेवत गेली. आशाबाई पाणी घटाघट प्यायली आणि उरलेलं तिनं तोंडावर मारलं. वैजयंतीनं रात्रीच्या आत प्रत्येकीच्या घरी जाऊन बघितलं, मगच ती अंथरुणाला पाठ टेकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाबाई तिच्याबरोबर दवाखान्यात आली. वॉर्डात पाऊल टाकताच जिजीनं आशाबाईला बघितलं, मग सुनेच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि मान भिंतीकडे फिरवली.

"सांगितलं ना तू," ती म्हणाली.

वैजयंती हो म्हणाली. आशाबाईनं स्टूल ओढलं, खाटेला गुडघे लावून बसली आणि हळू आवाजात आपलं सांगायला लागली. मग बाकीच्यांचं, नावानिशी. जिजी भिंतीकडेच तोंड करून होती.

"झूठ," शेवटी ती म्हणाली. "माझी लाज झाकाले बोलू राहिली तू."

आशाबाईनं तिचा हात उचलला आणि आपल्या कमरेवर, लुगड्याच्या घडीवर दाबून धरला. आत प्लास्टिक चुरचुरलं. खाटेच्या पायथ्याशी उभ्या वैजयंतीलाही तो आवाज आला. जिजीनं मान वळवली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. एवढं मोठं काही डोळ्यांसमोर पडलं की माणूस नुसतं बघत राहतं, तशी ती बघत होती.

"कधीपासून?"

"माझ्या सुनीताच्या बाळंतपणापासून. बाहेर येताना तिचा खांदा अडला होता ना, तवापासून."

आशाबाईची लेक सुनीता आणि दिगंबर एकाच महिन्यातले. जिजीचा त्रासही दिगंबरच्या बाळंतपणाचाच, हे तिनं कालच सुनेला सांगितलं होतं. वैजयंतीनं मनात वर्षं मोजली. बेचाळीस. आणि गावात संडास येण्याआधी, त्यातली तीसेक वर्षं, या दोघी रोज पहाटे डबा घेऊन एकाच पांदीत जात, एका बाभळीच्या दोन अंगांना बसत. सासवांची गाऱ्हाणी, नवऱ्यांचा मार, पोटातच गेलेली लेकरं, सगळं त्यांनी तिथं एकमेकींना सांगितलं होतं. हे तेवढं नाही.

जिजीचा हात आशाबाईच्या कमरेवर तसाच होता.

"आशा," जिजीनं विचारलं, "तहान लागे का गं तुले?"

"लय लागे," आशाबाई म्हणाली. "दुपारी त जीव जाये."

"मलेबी," जिजी म्हणाली.

वैजयंती भिंतीला टेकली. आमच्या आत्याबाईंना तहानच लागत नाही, हे तिनं शंभर घरी सांगितलं होतं. त्या चार वर्षांत हा प्रश्न तिनं सासूला एकदाही विचारला नव्हता.